शाळा सोडण्याचे कारण

प्रत्येक शाळेच्या कचेरीत एक जाडजूड, कापडी पाठीची नोंदवही असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. मूल शाळेत दाखल झाले की त्यात त्याचा क्रमांक पडतो. नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव लिहिले जाते. ते शाळेतून गेले की त्याच ओळीत शेवटचे रकाने भरले जातात: प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचे कारण. दाखला म्हणून आपल्या हाती येतो तो या ओळीचाच उतारा. धर्मग्रामातील बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या आणि मृत्यूच्या नोंदवह्या आम्हां धर्मगुरूंच्या नित्य परिचयाच्या असतात; त्यांतून कुटुंबांचा इतिहास लिहिता येतो, हे आपण जाणतो. शाळेची ही नोंदवहीही तितकीच बोलकी आहे, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

दरवर्षी परीक्षेच्या तोंडावर दहावीच्या वर्गाचा निरोप समारंभ होतो. मुले-मुली आपल्या शालेय जीवनाचे सिंहावलोकन करतात. पहिलीतला पहिला दिवस, पावसात भिजलेली पाठ्यपुस्तके, गुरुजींचा मार, बाईंची माया, सहल, स्नेहसंमेलन या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या साधारण त्याच असतात. ऐकणाऱ्याला त्या सारख्या वाटतात; बोलणाऱ्याला त्या केवळ आपल्याच वाटतात. दोघांचेही खरे असते. परंतु मालवण किनाऱ्यावरील मुलाच्या या निरोपात आणखी एक अर्थ दडलेला असतो. आपल्याकडे शाळा सोडणे म्हणजे बहुधा गाव सोडणे. हा योग जुळून आला कसा आणि आज तो कोणत्या वळणावर येऊन ठेपला आहे, याचा थोडा मागोवा या लेखात घ्यावयाचा आहे.

शाळेसाठी गाव सोडणारे

या प्रवासाच्या आरंभी लोक शाळा संपली म्हणून गाव सोडीत नव्हते. शाळेसाठीच सोडीत होते. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर किशोरवयातच शिक्षणासाठी मुंबईस गेले आणि १८३२ मध्ये त्यांनी तेथून ‘दर्पण’ हे मराठीतील पहिले वृत्तपत्र सुरू केले. त्यांच्या मागोमाग येते ते मालवणचे नाव. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणात झाला. वडील महसूल खात्यात नोकरीस होते. त्यांची बदली रत्नागिरीस झाल्यामुळे रामकृष्णास इंग्रजी शाळा लाभली. तेथील शिक्षण आटोपून १८५३ च्या सुमारास तो मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाला. वडिलांची बदली झाली नसती, तर पुढचे काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. त्या काळी एका बुद्धिमान मुलाचे भवितव्य सरकारी बदलीच्या एका कागदावर अवलंबून होते.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. शंभरावर उमेदवार बसले. उत्तीर्ण झाले ते अवघे वीस-बावीस. त्यांत महादेव गोविंद रानडे होते आणि मालवणचे भांडारकरही होते. याच दोघांची नावे १८६२ च्या पहिल्या पदवीधरांतही आढळतात. पश्चिम भारतातील शालान्त वर्गांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचे पहिले पान हेच होय, आणि त्या पानावर आपल्या किनाऱ्याचे नाव आहे.

भांडारकरांच्या चरित्रातील पुढचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. शिकून मोठा झालेला हा विद्यार्थी १८६५ च्या सुमारास मुख्याध्यापक म्हणून रत्नागिरीच्या त्याच शाळेत परतला. संस्कृत शिकू पाहणाऱ्या शाळकरी मुलांसाठी त्याने ‘मार्गोपदेशिका’ लिहिली. पुढे पिढ्यान्‌पिढ्यांच्या मॅट्रिकच्या मुलांनी त्या पुस्तकावरून संस्कृतचे धडे गिरवले. १८९३ मध्ये ते ज्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्याच विद्यापीठाची पहिली परीक्षा त्यांनी दिली होती. शाळेकडे मागे वळून पाहण्याची ही एक रीत झाली: आठवणी सांगण्यापेक्षा मागून येणाऱ्या वर्गाच्या हातात काहीतरी ठेवणे.

बोटी, मनिऑर्डरी आणि शाळांच्या इमारती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत गिरण्या वाढल्या आणि कोकणपट्टीतील माणसांना तिकडे काम मिळू लागले. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांना आगबोटी लागू लागल्या. मालवणात बोट दूर समुद्रात नांगर टाकी आणि उतारू पडावांतून तिच्यापर्यंत जात. पावसाळ्यात बोटी बंद. मग घाट चढून कोल्हापूर किंवा बेळगाव गाठावे लागे. त्या काळी मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, उत्तीर्ण झालेला मुलगा शिकलेला गणला जाई. त्याला गावातच प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळू शके. इंग्रजी शिकावयाचे, मॅट्रिक व्हावयाचे, तर तशी शाळा असलेल्या गावी कुणा नातेवाइकाच्या ओटीवर राहावे लागे.

ख्रिस्ती घरांची कथा याहून फार वेगळी नव्हती. ज्यांना झेपले त्यांनी मुलांना बेळगावच्या सेंट पॉल्स हायस्कूलमध्ये धाडले. येशूसंघीयांची ही शाळा १८५६ पासूनची. काहींनी मुंबईच्या मिशन शाळांचा रस्ता धरला. उरलेल्यांची मुले रापणीच्या दोरीला लागली, नाहीतर बोटीवर खलाशी, बावर्ची म्हणून गेली. मुंबईस गेलेल्यांना गावमंडळांच्या खोल्यांत आणि गोंय-कोकणच्या ख्रिस्ती लोकांना धोबीतलाव भागातील कुडांत आसरा मिळे. ट्रंक भिंतीला टेकवावी आणि रात्री तिच्याशेजारी अंथरूण पसरावे, इतकीच जागा. परंतु तेथेच गावच्या देवळासाठी, चर्चसाठी आणि शाळेसाठी वर्गणीची वही फिरे.

आपल्या जिल्ह्यातील माध्यमिक शाळांचा इतिहास पुष्कळ अंशी या वर्गणीच्या वहीचा इतिहास आहे. मालवणचे टोपीवाला हायस्कूल अनंत शिवाजी देसाई टोपीवाले यांच्या नावाने ओळखले जाते. मुंबईच्या व्यापारात मिळवलेला पैसा आपल्या भागातील मुलांच्या शिक्षणाकडे वळवणाऱ्यांपैकी ते एक. मालवणचे भंडारी हायस्कूल एका कष्टकरी समाजाने आपल्या संस्थेमार्फत उभे केले. सावंतवाडी संस्थानच्या राजघराण्याने शिक्षणाला आश्रय दिला; राणी पार्वतीदेवी हायस्कूलच्या नावात त्याची खूण राहिली आहे. सावंतवाडीचे मिलाग्रिस हायस्कूल, मालवणचे रोझरी इंग्लिश स्कूल, वरवडे येथील सेंट उर्सुला या शाळा ख्रिस्तसभेच्या छायेत वाढल्या आणि त्यांच्या बाकांवर सर्व धर्मांची मुले एकत्र बसली.

या साऱ्याचा अर्थ काय? ज्या मुलांनी गाव सोडले, किंवा ज्यांना शाळा मिळाली नाही म्हणून सोडावे लागले, त्यांच्या मनात मागे राहिलेल्या मुलांविषयी एक टोचणी होती. ‘आमच्या वेळी नव्हते, त्यांच्या वेळी असू दे’ या एका भावनेवर कितीतरी इमारतींचे चिरे बसले आहेत. मात्र यात एक विरोधाभास होता, तो त्या दात्यांच्याही कदाचित लक्षात आला नसेल. गाव सोडलेल्यांनी उभारलेल्या शाळेत मुले शिकली, ती अधिक संख्येने गाव सोडण्यासाठीच.

शिरोड्याचे मास्तर

विद्यार्थी जातात आणि शिक्षक मागे राहतो. निरोप समारंभाकडे शिक्षकाच्या बाजूने पाहावयाचे असेल, तर वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याकडे वळावे लागते. सांगलीत जन्मलेले विष्णू सखाराम खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तेथे राहिले. महाविद्यालयीन शिक्षण अपुरे राहिलेला हा तरुण मुख्याध्यापक झाला. समुद्रकाठच्या आडगावी, अपुऱ्या साधनांनिशी एक इंग्रजी शाळा कशी चालते, हे त्याने अठरा वर्षे अनुभवले. त्याची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ याच मुक्कामात, १९३० मध्ये, प्रकाशित झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. म्हणजे त्या वर्षी त्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांनी आपल्या गावात स्वातंत्र्याच्या लढ्याचे एक पर्व डोळ्यांनी पाहिले.

पुढे खांडेकर कोल्हापूरला गेले आणि १९७४ चे ज्ञानपीठ पारितोषिक ‘ययाति’ला मिळाले, हा मान मिळवणारे ते पहिले मराठी लेखक. परंतु शिरोड्याच्या शाळेतून अठरा वर्षांत अठरा शेवटचे वर्ग निघून गेले. त्या प्रत्येक वर्गाला निरोप देऊन पुन्हा जूनमध्ये नव्या मुलांची हजेरी घ्यावयाची, हे काम त्यांनी केले. मोठे लेखक म्हणून त्यांची आठवण निघते तेव्हा हे काम सहसा मोजले जात नाही. आपल्या जिल्ह्यात असे अनेक शिक्षक झाले. त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या नाहीत, म्हणून त्यांची नावे फक्त माजी विद्यार्थ्यांच्या बोलण्यात उरली आहेत.

मॅट्रिकपासून दहावीपर्यंत

स्वातंत्र्यानंतर हे चित्र झपाट्याने पालटले. विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा १९४९ पासून एस.एस.सी. परीक्षेने घेतली. १ जानेवारी १९६६ पासून राज्य मंडळाचा कारभार सुरू झाला. १९७५ मध्ये नव्या आराखड्यानुसार पहिली दहावी बाहेर पडली आणि ‘जुनी अकरावी’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून वडीलधाऱ्यांच्या अभिमानाचा विषय झाला. सावंतवाडीचे श्री पंचम खेमराज महाविद्यालय १९६१ मध्ये सुरू झाले. शालान्त परीक्षेनंतर घरून डबा घेऊन महाविद्यालयात जाणे काहींना प्रथमच शक्य झाले. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्णपणे धावू लागली आणि मुंबई एका रात्रीवर आली.

या काळात शालान्त वर्गाचे रूपच बदलले. पूर्वी आठवीत आलेल्या मुलांपैकी शेवटच्या वर्गापर्यंत मोजकीच पोहोचत. जनरल रजिस्टरातील कारणे पाहावीत: ‘घरकामासाठी’, ‘गैरहजर राहिल्याने’, ‘परगावी गेल्याने’. मुलींच्या ओळीत बहुधा लग्न हेच कारण असे. नोंद कधी होई, कधी होत नसे. त्यामुळे जुन्या मॅट्रिकच्या वर्गाने मागे वळून पाहणे म्हणजे काहीसे लढाईतून वाचलेल्यांनी एकमेकांकडे पाहणे होते. आज ती स्थिती राहिलेली नाही. २०१२ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा स्वतंत्र कोकण विभाग झाला आणि दहावीच्या निकालात तो सातत्याने राज्यात अग्रस्थानी राहिला आहे. २०२४ मध्ये राज्याचा निकाल ९५.८१ टक्के होता, तर कोकण विभागाचा ९९.०१ टक्के. राज्यभरातील मुलींचा निकाल ९७.२१ टक्के आणि मुलांचा ९४.५६ टक्के होता. १८५९ मध्ये शंभरावर उमेदवारांत वीस-बावीस आणि आज शंभरांत नव्व्याण्णव! परीक्षेचे स्वरूप बदलले, गुणदानाची रीत बदलली, म्हणून हे आकडे समोरासमोर ठेवून गुणवत्तेचा निवाडा करणे योग्य होणार नाही. परंतु एक गोष्ट निःसंशय आहे: जी पायरी एकेकाळी थोड्यांचीच होती, ती आता सर्वांची झाली आहे. रापणकराची मुलगी, आंबेवाल्या बागायतदाराचा मुलगा आणि बँकेतील साहेबाचे मूल आज एकाच दिवशी एकाच परीक्षाकेंद्रावर उतरतात. दीडशे वर्षांच्या कष्टांचे हे फळ आहे.

परीक्षेविना निरोप

याच सुखद प्रवासात एक वर्ग असा आला की ज्याला धड निरोपही मिळाला नाही. मार्च २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर करोनाच्या साथीमुळे रद्द झाला. त्यानंतर जून २०२० मध्ये दहावीत पाऊल टाकलेल्या मुलांनी वर्षाचा पुष्कळसा काळ शाळेचे तोंड पाहिले नाही. मोबाइलवर धडे आले आणि मोबाइलला रेंज मिळावी म्हणून मुले माळावर, टेकडीवर जाऊन बसली. एप्रिल २०२१ मध्ये परीक्षाच रद्द झाल्याचे जाहीर झाले. मे महिन्यात तौक्ते वादळाने आपला किनारा झोडपून काढला; कौले उडाली, माड-पोफळी आडव्या झाल्या, कितीतरी गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. जुलैमध्ये नववीचे गुण आणि अंतर्गत मूल्यमापन यांवरून निकाल लागला: राज्याचा ९९.९५ टक्के आणि कोकण विभागाचा शंभर टक्के.

मॅट्रिकपासूनच्या इतिहासात हा वर्ग आगळा म्हणावा लागेल. सर्वच्या सर्व उत्तीर्ण झाले, पण त्यांच्याकडे सांगण्यासारखी परीक्षा नव्हती. या मुलांशी बोलताना एक गोष्ट जाणवते. त्यांना गुणांची हळहळ फारशी नाही. शेवटची घंटा ऐकली नाही, बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राशी नीट बोलणे झाले नाही, बाईंच्या पाया पडावयाचे राहून गेले, हे त्यांना बोचते. शाळेत आपण नेमके काय शिकतो, याचे उत्तर शिक्षणशास्त्रज्ञ अनेक ग्रंथांत शोधतात. त्या वर्गाने ते आपल्या हळहळीतून सांगून टाकले. पाठ्यपुस्तक मोबाइलवर पोहोचले. सहवास पोहोचला नाही.

रिकामे होत चाललेले बाक

आता आजच्या प्रश्नाकडे यावे. निकाल नव्व्याण्णव टक्क्यांचा आहे, परंतु तो किती मुलांचा? २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. सारे राज्य वाढत असताना आपला जिल्हा घटला. घरटी मुले कमी झाली आणि तरुण कुटुंबे मुंबई, पुणे, गोवा किंवा आखाताकडे गेली. धर्मग्रामांत हे वेगळ्या रीतीने दिसते. बाप्तिस्म्याचे दाखले मागणारी पत्रे आणि फोन दूरदूरच्या शहरांतून येतात. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मात्र बाक मोकळे राहतात. काही वाड्यांतून आजी-आजोबा आणि कुलूपबंद घरे एवढेच उरले आहे.

मुले कमी झाली की शाळेचा पट कमी होतो आणि पट कमी झाला की शिक्षकांची पदे कमी होतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि कमी पटाच्या ग्रामीण शाळांपुढे मोठे प्रश्नचिन्ह उभे राहिले. मैदानी प्रदेशात दोन शाळा एकत्र करणे सोपे असेल. खाडी, डोंगर आणि पावसाळ्यातील वहाळ यांनी तुटलेल्या आपल्या वाड्यांना तो हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. जेथे वर्गात पंधरा मुले आहेत, तेथे विज्ञानाचा आणि गणिताचा स्वतंत्र शिक्षक असावा की नसावा, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनी दिले तर ती पंधरा मुलेही गाव सोडतील. या वेळी ती दहावीनंतर जाणार नाहीत. पाचवीतच जातील आणि त्यांच्याबरोबर आई-बापही जातील. म्हणजे इतिहासाचे चाक उलटे फिरेल. भांडारकरांच्या काळी शाळा नव्हती म्हणून मूल गावाबाहेर गेले. आपल्या काळी असलेली शाळा टिकली नाही म्हणून जाईल.

येथे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे वाटते. अलीकडे पंचवीस, पन्नास वर्षांपूर्वीच्या वर्गांचे मेळावे उत्साहाने भरतात. जुन्या बाकांवर बसून हजेरी घेतली जाते, वृद्ध गुरुजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, डोळे पाणावतात. हे स्मरणरंजन निर्मळ आहे; त्याची थट्टा करू नये. परंतु पूर्वीच्या पिढीने मुंबईच्या खोलीत बसून वर्गणीची वही फिरवली ती आठवणींसाठी नव्हे. त्यावेळी शाळेत असलेल्या मुलांसाठी. आजच्या मेळाव्यातून प्रवेशद्वाराची कमान उभी राहते, त्यावर वर्गाचे वर्ष कोरले जाते. त्याच पैशातून एखाद्या विषयाच्या शिक्षकाचे वर्षाचे मानधन, लांबच्या वाडीतून येणाऱ्या मुलींच्या रिक्षाचे भाडे किंवा प्रयोगशाळेतील साहित्य देता येईल काय, याचा विचार व्हावा.

दुसरी गोष्ट शाळांनी करावयाची आहे. निरोप समारंभात मुले जे बोलतात, ते त्याच संध्याकाळी हवेत विरून जाते. प्रत्येक दहावीच्या वर्गाने आपल्या शालेय वर्षांविषयी दोन-दोन पाने लिहावीत आणि शाळेने ती बांधून जपावीत. कोणत्या वाटेने चालत आलो, डब्यात काय असे, कोणत्या वर्षी वादळ झाले, कोणत्या बाईंमुळे गणिताची भीती गेली, घरी कोणती भाषा होती आणि शाळेत कोणती, बाबा समुद्रावर गेले की जीव कसा टांगणीला लागे, हे सारे त्यांत यावे. इतिहासकाराला जनरल रजिस्टर सांगते ते एका रकान्यापुरते असते. मुलाने स्वतः लिहिलेले पान तो रकाना भरून काढील. भांडारकरांसारख्या इतिहाससंशोधकाच्या गावाने एवढे तरी करावे.

मराठीत निरोप या शब्दाचे दोन अर्थ आहेत. जाणाऱ्याला आपण निरोप देतो, आणि जाणाऱ्याबरोबर दुसऱ्याला निरोप धाडतो. दहावीचा वर्ग शाळेच्या फाटकाबाहेर पडतो तेव्हा यांतील पहिला अर्थ आपण फुले देऊन, भाषणे करून साजरा करतो. दुसरा अर्थ राहून जातो. मागे राहणाऱ्यांसाठी या मुलांचा निरोप काय आहे, हे त्यांना विचारले पाहिजे. त्यांतील काही जातील. जाणाऱ्याची वाट अडवू नये. काही मात्र होडीवर, बागेत, दुकानात, अंगणवाडीत, घरच्या चुलीपाशी येथेच राहतील, आणि त्यांनी राहणे हा त्यांचा पराभव मानला जाऊ नये. गावात राहिलेल्या माणसाच्या नशिबी सहसा सत्काराची शाल येत नाही. पुढच्या वर्षी पहिलीत मूल घालावयाचे असते, तेव्हा शाळेच्या पायऱ्या तोच चढतो, आणि जनरल रजिस्टरात नवी ओळ त्याच्यामुळेच लिहिली जाते.